२०१६ च्या स्विफ्ट पेट्रोलला सुपरचार्जर बसवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणला राहता, २०१६ ची स्विफ्ट पेट्रोल आहे, चार माणसं आणि एसी घेऊन कुंभार्ली घाट चढताना गाडी दमते. इंजिन न उघडता वरून सुपरचार्जर लावला तर किती पॉवर वाढेल आणि खर्च किती येईल?

बसतो. मी कोल्हापुरात इंजिनाच्या कामात आहे, हेड उतरवणं, बोअर करणं हे रोजचंच, आणि अशा बूस्ट लावलेल्या गाड्या हाताखालून गेल्या आहेत. पण यूट्यूबवर दाखवतात तसं ‘पट्टा लावला की झालं’ असं ते नसतं. सुपरचार्जर किंवा ब्लोअर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंप, आणि या सगळ्या कामात तो सगळ्यात सोपा भाग. खरी कसरत पेट्रोल, स्पार्क आणि उष्णता सांभाळण्यात आहे, आणि पैसाही तिथेच जातो.

आधी हवेचा हिशोब करू. तुमचं इंजिन ११९७ सीसीचं, फोर स्ट्रोक. म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात ते जास्तीत जास्त ६०० सीसीच्या आसपास हवा ओढणार. जुन्या मिनी कूपर एसवर जो ईटन कंपनीचा एम४५ सुपरचार्जर यायचा, तो स्वतःच्या एका फेऱ्यात सुमारे ७४० सीसी हवा ढकलतो. म्हणजे क्रँकएवढ्याच वेगाने फिरवला तरी इंजिनाला पेलेल त्यापेक्षा जास्त हवा आत लोटली जाते, आणि तिला जायला जागा नसल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, दाब तयार होतो. यालाच बूस्ट म्हणायचं. पुली लहान केली की ब्लोअर जोरात फिरतो आणि बूस्ट वाढतो. जपानी छोट्या गाड्यांचे ऐसिनचे ब्लोअर याहून लहान असतात. १.२ लिटरच्या इंजिनावर तसा अर्ध्या लिटरचा लावला, तर पुलीचं गुणोत्तर बरंच वाढवावं लागतं.

समजा आपण ०.४ बार बूस्ट ठरवला, म्हणजे साधारण ६ पीएसआय. न उघडलेल्या इंजिनावर मी याच्या पुढे जाऊ देत नाही. आता सगळ्यांना वाटतं की ४० टक्के दाब वाढला म्हणजे ४० टक्के पॉवर वाढली, ८३ बीएचपीची गेली ११६ वर. तसं होत नाही, कारण हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असेल तर एम४५ सारख्या रूट्स पद्धतीच्या ब्लोअरमधून ती ८०-८५ अंशांनी बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते. त्या तापमानाला हिशोब केला तर प्रत्यक्ष वाढ २० टक्क्यांच्या आसपासच उरते. त्यात ब्लोअर फिरवायला क्रँक स्वतःचे पाच-सात बीएचपी देतो ते वजा करा. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) न लावता केलेलं काम असं ९५ च्या आतबाहेर अडकतं, आणि ती ८५ अंशांची हवा नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकण्याला) आमंत्रण देते ते वेगळंच.

इंटरकूलर लावून हवा ५० अंशांपर्यंत आणली, तर तेच गणित ३३ टक्क्यांच्या जवळ जातं. ब्लोअरचा खुराक आणि नॉकिंग टाळायला मागे घेतलेलं स्पार्कचं टायमिंग वजा जाता १०० ते १०५ बीएचपी, आणि टॉर्क ११५ न्यूटन-मीटरवरून १४५-१५० च्या घरात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता कंपन्या हेच काम कसं करतात ते बघा. २००१ ते २००६ च्या मिनीमध्ये १.६ लिटरचं एकच इंजिन दोन रूपांत यायचं. साध्या कूपरमध्ये कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) १०.६, बीएचपी ११५. सुपरचार्जरवाल्या कूपर एसमध्ये रेशो ८.३ वर उतरवला आणि मग १६३ काढले. टोयोटाने एमआर२ च्या १.६ इंजिनावर सुपरचार्जर चढवला तेव्हा त्यांनीही रेशो ८ वर आणला होता. निस्सानने १९८९ मध्ये मार्चच्या ९३० सीसीवर सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही बसवून ११० काढले, तिथेही रेशो ८ च्या खालीच. म्हणजे ज्यांच्याकडे टेस्ट बेड होते, ज्यांनी ढीगभर इंजिनं फोडून पाहिली असतील, त्यांनी पिस्टनच वेगळा घातला. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी अलीकडची इंजिनं जास्त रेशोवर बूस्ट घेतात, पण ती मुळात त्याच कामासाठी आखलेली असतात. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांचा रेशो हल्ली १० ते १२ असतो. त्यावर वरून दाब देणं म्हणजे आधीच भरलेल्या एसटीत स्वारगेटला आणखी वीस जण चढवणं.

त्याने नेमकं काय तुटतं ते सांगतो, कारण ‘इंजिन बसलं’ एवढंच ऐकून कोणाला काही कळत नाही. स्पार्कनंतर ज्वाला पसरत जायच्या ऐवजी कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, हे नॉकिंग. हलकं असेल तर खडे हलवल्यासारखा आवाज येतो. बूस्टमध्ये आणि मिश्रण पातळ असताना तेच झालं, तर पिस्टनच्या वरच्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधली जी अरुंद कड असते ती तुटते. साच्यात ओतलेल्या पिस्टनची ही कड फार जाड नसते. गाडी बंद पडत नाही, म्हणून मालकाला वाटतं किरकोळ काहीतरी आहे. पण डिपस्टिक काढली की भोकातून धाप लागल्यासारखा वारा येतो, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचतं, सायलेन्सर निळसर धूर सोडतो. कॉम्प्रेशन गेज लावला की तीन सिलिंडर सारखे आणि एक अर्ध्यावर. हेड उतरवून पिस्टन खाली काढला की कडेचा तुकडा निघतो नखाएवढा, आणि बोअरवर त्याने मारलेली उभी रेघ बोटाला लागते. तिथून पुढे बोअर, नवे पिस्टन, सगळंच आलं.

हे टाळायचं तर वाढलेल्या हवेबरोबर पेट्रोलही वाढलं पाहिजे आणि स्पार्क मागे गेला पाहिजे. इथे कंपनीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, कामाला येत नाही. छोट्या गाड्यांमध्ये मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच वाचायला बनवलेला असतो. त्याच्यावर दाब गेला की त्याला तो दिसतच नाही. ईसीएम समजतो थ्रॉटल पूर्ण उघडाय एवढंच, आणि तेवढ्यापुरतंच पेट्रोल सोडतो. हवा ३३ टक्के जादा, पेट्रोल मात्र जुन्याच मापाने. म्हणजे पूर्ण लोडवर पातळ मिश्रण. बरोबर याच क्षणी पिस्टन जातो.

म्हणून दोन बारचा मॅप सेन्सर, मोठे इंजेक्टर, आणि एकतर पिगीबॅक (कंपनीच्या ईसीएमला जोडायचा जादा कॉम्प्युटर) नाहीतर स्वतंत्र ईसीयू. मुख्य म्हणजे वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (मिश्रण किती पातळ ते धुरावरून मोजणारा) लावून डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, पेट्रोल-स्पार्कचा मॅप (तक्ता) बनवणारा माणूस. बूस्टमध्ये मिश्रण १२ च्या जवळ (एक भाग पेट्रोलला बारा भाग हवा) पाहिजे आणि टायमिंग दर पीएसआयला साधारण एक अंश मागे, ही सुरुवात झाली. पुढे त्या गाडीचं इंजिन काय सांगतं ते ऐकत जायचं. नॉक सेन्सर आहे की, असं पुष्कळजण म्हणतात. आहे, पण तो टायमिंग मागे ओढू शकतो, नसलेलं पेट्रोल आणू शकत नाही.

पेट्रोलवरून आठवलं. आता पंपावर ई२० मिळतंय. २० टक्के इथेनॉलमुळे तेवढ्याच हवेला सहा-सात टक्के जास्त पेट्रोल लागतं, म्हणजे इंजेक्टरवर आणखी भार. पण बूस्टच्या गाडीला त्याचा एक फायदाही आहे: इथेनॉल नॉकिंगला चांगलं थोपवतं आणि वाफ होताना आतली हवा थंड करतं. ई२० ला सगळे शिव्या घालतात, ट्यूनर मंडळी तेवढी घालत नाहीत. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० टाकून चालवायचा बेत असेल तर त्याचा दर साध्या पेट्रोलच्या जवळपास दीडपट आहे, आणि कुंभार्लीच्या वाटेवर ते मिळेल या भरवशावर मॅप बनवू नका.

बारीक नळ्यांचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. क्रँककेसमधले (क्रँकभोवतीच्या खोलीतले) वायू बाहेर काढणारी पीसीव्हीची नळी मॅनिफोल्डला जोडलेली असते. मॅनिफोल्डमध्ये दाब आला की तोच दाब उलटा क्रँककेसमध्ये जातो आणि ऑइल सील बाहेर ढकलतो. तिथे एका दिशेने चालणारा नीट व्हॉल्व्ह पाहिजे. पेट्रोल टाकीच्या वाफा ओढणारी कॅनिस्टरची नळीही तशीच. आणि ब्रेकचा बूस्टर, तो मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. त्याच्या नळीतला चेक व्हॉल्व्ह जुना होऊन गळत असेल, तर घाटात बूस्ट देऊन लगेच ब्रेक मारलात की पेडल दगडासारखं होईल. तो आधी नवीन टाका, सुपरचार्जर बसवा न बसवा.

पट्ट्याच्या बाजूला इंजिन आणि बॉडीच्या मध्ये जागा चार बोटांची. ब्रॅकेट दहा-बारा मिलिमीटरच्या प्लेटचा, दोन नव्हे, तीन ठिकाणी धरलेला हवा. पुल्या एका रेषेत नसतील किंवा ब्रॅकेट लवत असेल तर पट्टा उडतो, आणि त्याच पट्ट्यावर वॉटर पंप असेल तर पुढचं तुम्हीच समजा. हे काम आमच्या उद्यमनगरात उत्तम होतं, त्याची काळजी नाही. बायपास व्हॉल्व्ह (बूस्ट नको तेव्हा हवा वळवून परत सोडणारा) मात्र विसरू नका. तो नसेल तर हळू चालवतानाही ब्लोअर हवा तापवत बसतो आणि ॲव्हरेज पडतं.

ऑनलाइन हजार-दोन हजारात ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ म्हणून जो पंखा मिळतो तो घेऊ नका. १.२ लिटरच्या इंजिनाला वरच्या आरपीएमला ०.४ बार द्यायचा तर तीन-चार किलोवॅट लागतात. १२ व्होल्टवर ते झाले अडीचशे-तीनशे अँपिअर. तुमचा अल्टरनेटर शंभरच्या आत आहे. तो पंखा हवेला उलट अडथळाच करतो.

कायद्याचं सरळ सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये ही शिक्षा आली: बेकायदा बदल केलेल्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर रोज कोणी बॉनेट उघडून बघत नाही हे खरं. पण अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला की तो पहिलं बॉनेटच उघडतो. ट्रॅकसाठी किंवा धावपट्टीवरच्या ड्रॅगसाठी वेगळी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तुमची गाडी घरची आहे, त्यात मुलं बसतात.

खर्चाचा माझा अंदाज: कुर्ल्याच्या जुन्या सामानातला चांगला ब्लोअर, इंटरकूलर, पाइप, ब्रॅकेट, इंजेक्टर, ईसीयू, वाइडबँड, डायनो आणि मजुरी धरून अडीच ते तीन लाख. क्लच ११५ चा टॉर्क धरायला बनवलेला आहे, तो घसरायला लागला की आणखी. इंजिन उघडून कमी रेशोचे पिस्टन घालायचे ठरवलं तर तेवढेच पैसे पुन्हा.

आता मगाचे आकडे काढा. १०० बीएचपी आणि १४८ च्या आसपास टॉर्क. मारुतीचं एक लिटर बूस्टरजेट टर्बो, जे बलेनो आरएसमध्ये २०१७ मध्ये आलं आणि नंतर फ्राँक्समध्ये, ते कंपनीतूनच जवळजवळ हेच आकडे देतं. तेही योग्य पिस्टन आणि योग्य मॅपसह, आरसी बुकाला डाग न लागता. तुमची स्विफ्ट विकून त्यात हे तीन लाख घातले तर सेकंड हँड टर्बो पेट्रोल दारात येते. घाटासाठी पॉवर हवी असेल तर माझं उत्तर हेच आहे. छंद म्हणून करायचं असेल तर बेशक करा, मी स्वतः त्याच नादातला माणूस आहे, पण मग ती दुसरी गाडी असू द्या.

तोवर आहे त्या गाडीचं बघा. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क ४००० आरपीएमला मिळतो, आणि घाटात बहुतेक लोक २००० वर तिसऱ्यात ओढत बसतात. दुसऱ्यात घ्या, ३५००-४००० वर चालू द्या, आवाजाला घाबरू नका. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, प्लग बदला, पुढची चाकं हाताने फिरवून ब्रेक चिकटलेत का बघा, क्लच तपासा. गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन काढून आकडे इथे कमेंटमध्ये टाका. एक जरी सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून खाली असेल तर सुपरचार्जरचा विषय तिथेच संपला, आधी ते काम करावं लागेल.