पोळी नऊ रुपयांची की सहाची?

प्रश्न : काका, मी ठाण्यातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी फायनान्शिअल अकाउंट्समध्ये मला शंभरात शहाऐंशी होते. यंदा मॅनेजरिअल अकाउंटिंग, म्हणजे धंद्यातल्या निर्णयांसाठी मांडायचा हिशेब, आलं आणि माझी दांडी गुल झाली. एका गणितात मॅडम म्हणतात भाडं धरा, पुढच्याच गणितात म्हणतात भाडं सोडा, ते इथे लागू नाही. मैत्रिणी सरळ पाठ करतात. माझ्या आईचं कळव्यात पोळी-भाजी केंद्र आहे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका ऑफिसने रोज १०० पोळ्या ८ रुपयांनी मागितल्या आहेत, त्यांचा माणूस येऊन घेऊन जाईल. मी पोळीचा खर्च काढला तर एकदा ९ रुपये आला, एकदा ६. आई म्हणाली, "एवढं शिकून एक आकडा धड सांगता येत नाही?" ती ऑर्डर नाकारायच्या बेतात आहे. सगळे आकडे सोबत पाठवते. खरा खर्च कुठला?
(एक विद्यार्थिनी, कळवा)

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि आईला चिडायचा पूर्ण हक्क आहे. 'पोळीला खर्च किती' हा प्रश्नच अर्धा आहे. त्या आकड्यावरून आई काय ठरवणार आहे, ते आधी विचारायचं, मग पेन उचलायचं.

तुझे आकडे बाकीच्या वाचकांसाठी मांडतो. पोळी विकता १० रुपयांना. कणीक, तेल, गॅस मिळून पोळीमागे ४ रुपये. लाटायला येणाऱ्या दोघी मावश्यांना नगावर २ रुपये. म्हणजे पोळी केली तरच होणारा खर्च ६ रुपये. याखेरीज गाळ्याचं भाडं १८,०००, डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार १४,०००, वीज-पाणी-फोन ४,०००. हे ३६,००० रुपये पोळी खपो न खपो, महिना भरला की द्यायचेच. रोज ४०० पोळ्या, महिन्याच्या १२,०००. छत्तीस हजारांना बारा हजारांनी भागलं की पोळीमागे ३. सहा आणि तीन नऊ. भाजीचा हिशेब तू बाजूला ठेवलास. खरं तर भाड्याचा काही वाटा भाजीच्या अंगावरही पडायला हवा, पण तो वाटा कसा पाडायचा यावर आम्ही कॉस्टवाले आयुष्यभर भांडत आलो आहोत, ते भांडण आज नको.

आधी नऊचा आकडा बघ. तो फक्त १२,००० पोळ्यांच्या महिन्यात खरा आहे. गणपतीत निम्मं गिऱ्हाईक कोकणात गेलं आणि ८,००० च पोळ्या खपल्या, तर भाडं-पगाराचा बोजा पोळीमागे साडेचार रुपये होतो आणि पोळी साडेदहाला पडते. कणीक महागली नाही, मावश्यांनी मजुरी वाढवली नाही, तरी पोळी विक्रीच्या भावापेक्षा महाग. आता सहाचा आकडा वापर. दहातून सहा गेले, राहिले ४. पुस्तकात याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. प्रत्येक पोळी ३६,००० च्या खड्ड्यात ४ रुपये टाकते. खड्डा भरायला ९,००० पोळ्या, म्हणजे रोज ३००. हा झाला ब्रेक-इव्हन. आईला तो शब्द सांगू नकोस, "रोज तीनशेच्या खाली गेलो की घरातून पैसे घालावे लागतात" एवढंच सांग. बहुधा ती म्हणेल, हे मला केव्हाचं ठाऊक आहे.

ठाऊक असणारच. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा कारखानदार होता, जोसाया वेजवुड. १७७२ च्या मंदीत माल पडून राहायला लागला, तेव्हा तो स्वतः खर्चाच्या वह्या घेऊन बसला. त्याला दिसलं की साचे, जळण, भाडं असले खर्च माल थोडा काढला काय नि जास्त काढला काय, जवळपास तेवढेच होतात. हे त्याला मंदी आल्यावर दिसलं, हे लक्षात घे. धंदा जोरात असताना कोणी वह्या उघडत नाही.

आता ती ८ रुपयांची ऑर्डर. आई म्हणते खर्च ९, भाव ८, पोळीमागे रुपया तोटा. पण त्या शंभर पोळ्यांनी भाडं वाढणार आहे का? मुलाचा पगार? ऑफिसचा माणूस स्वतः न्यायला येणार, म्हणजे मुलाला खेपही नाही. वाढणार ते फक्त ६ रुपये. पोळीमागे २ रुपये उरतात, महिन्याला ३,००० पोळ्या, ६,००० रुपये जास्त. आज नफा १२,००० आहे, तो १८,००० होईल. गंमत पुढे आहे. ऑर्डर घेतल्यावर १५,००० पोळ्यांवर छत्तीस हजार वाटलेस तर पोळी पडते ८ रुपये ४० पैशांना. म्हणजे तुझी कॉस्ट शीट तेव्हाही ओरडत राहणार की ८ ला विकून तोटा होतोय, आणि गल्ल्यात मात्र ६,००० जास्त असणार. इथे मुलं घाबरतात आणि पाठांतराकडे वळतात. घाबरू नकोस, दोन्ही उत्तरं कागदावर शेजारी शेजारी मांड आणि गल्ल्याचं ऐक.

तरी 'हो' म्हणायच्या आधी आईला तीन गोष्टी विचार. मावश्यांना आणखी शंभर पोळ्यांना वेळ आहे का? नसेल आणि दहा रुपयांचं गिऱ्हाईक परत पाठवावं लागणार असेल, तर ४ रुपये सोडून २ मिळवल्यासारखं होईल. तिसरी बाई महिन्याच्या पगारावर ठेवावी लागली, तर सहा हजार तिच्याच पगारात जातील. आणि रोजच्या गिऱ्हाइकांना आठचा भाव कळला तर? कळव्यात असल्या गोष्टी संध्याकाळपर्यंत कळतात. रोजच्या ४०० पोळ्यांवर पन्नास पैसे जरी उतरावं लागलं, तरी महिन्याचे ६,००० गेले, ऑर्डरची सगळी कमाई तिथेच संपली.

हे मी एवढं ठासून सांगतो कारण मी स्वतः यात आपटलो आहे. १९८६ साली मी वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात नवा कॉस्ट अकाउंटंट होतो. एका गिऱ्हाइकाने ५०० नग ३१० रुपयांनी मागितले. माझी कॉस्ट शीट म्हणत होती ३४० : माल १७०, मजुरी ६०, त्या मजुरीच्या दीडशे टक्के कारखान्याचा वरखर्च म्हणून ९०, ऑफिसचे २०. मी रुबाबात शेरा मारला, 'नुकसानीत ऑर्डर घेऊ नये.' साहेबांनी घेतली नाही. त्या महिन्यात दोन लेथ, म्हणजे धातू कातायची यंत्रं, बसून होत्या. कामगार कायम होते, त्यांचा पगार झालाच. आमचे फोरमन, सातवी शिकलेले, मला म्हणाले, "साहेब, लेथ बसली तरी जेवते." नंतर मी हिशेब पुन्हा मांडला. त्या ऑर्डरने खरोखर वाढले असते ते मालाचे १७० आणि वीज-हत्यारांचे फार तर २०. नगामागे १२० रुपये, पाचशे नगांचे ६०,००० मी शेरा मारून घालवले होते. तो कागद मी साहेबांना दाखवला नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहितो.

मग मॅडम भाडं कधी धरतात? आईच्या गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा असेल. करार चालू आहे तोवर भाडं जाणारच, म्हणून या ऑर्डरच्या हिशेबात ते येत नाही. पण अकरावा महिना आला, मालक भाडं वाढवून मागतोय, आणि प्रश्न आहे गाळा ठेवायचा की घरूनच पोळ्या करायच्या. त्या दिवशी तेच १८,००० सगळ्यात महत्त्वाचे. प्रश्न बदलला की खर्च बदलतो. अमेरिकेत जॉन मॉरिस क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये हेच मांडलं, वेगळ्या कामासाठी वेगळा खर्च. तुझ्या अख्ख्या पेपरात ही एकच गोष्ट निरनिराळे कपडे घालून येते.

फायनान्शिअलमध्ये तुला शहाऐंशी मिळाले कारण तिथे ताळेबंद जुळला की सुटका होते. ते हिशेब बाहेरच्यांसाठी असतात, बँक, इन्कम टॅक्स, भागधारक, म्हणून त्यांचा साचा ठरलेला. आतल्या माणसाला निर्णयासाठी हिशेब कसा मांडून द्यायचा, याला कायद्याचा नमुना नाही. परीक्षेत प्रत्येक गणिताच्या वर पेन्सिलने लिही : कोण ठरवतंय, काय ठरवतंय. मग भाडं धरायचं की सोडायचं ते गणितच सांगेल.

जाता जाता. तुझ्या हिशेबात आईचा पगार कुठेच नाही. पहाटे पाचपासून ती उभी असते, असं तूच लिहिलं आहेस. दुसऱ्याच्या केंद्रावर तिला १५,००० मिळत असतील, तर तुमचा १२,००० चा 'नफा' म्हणजे आई ३,००० कमी पगारावर राबते आहे. हा खर्च वहीत चढत नाही, पुस्तकात त्याला अपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात. हे मात्र तिला जरा बेतानेच सांग.

प्रश्न : सर, व्हेरिअन्समध्ये, म्हणजे ठरवलेला खर्च आणि झालेला खर्च यांच्यातल्या फरकात, अनुकूल आणि प्रतिकूल याचा माझा कायम घोळ होतो. सूत्रं येतात, चिन्ह उलटं पडतं.
(टी.वाय.चा विद्यार्थी, डोंबिवली)

उत्तर : चिन्ह लावूच नकोस. वजाबाकी कर आणि स्वतःला विचार, यात खिशातून जास्त गेले की कमी. जास्त गेले तर प्रतिकूल.

दिवाळीच्या फराळाचं घे. १०० किलो चकलीला ४० लिटर तेल, लिटरला १५० रुपये, असं आपण ठरवलं. अंदाज ६,०००. खरेदीवाल्याने घासाघीस करून १३० च्या भावाने तेल आणलं, आणि लागलं ५० लिटर. खर्च ६,५००. भावात लिटरमागे २० वाचले, पन्नास लिटरचे १,०००, अनुकूल. वापर १० लिटर जास्त, ठरलेल्या १५० च्या भावाने १,५००, प्रतिकूल. दोन्ही मिळून ५०० प्रतिकूल, अंदाज आणि खर्चातला फरकही तेवढाच. ताळा जुळला.

एवढं लिहिलंस की मार्क मिळतात. पण इथे एक अन्याय लपलेला असतो. कागद असा दिसतो की खरेदीवाल्याने हजार वाचवले आणि तळणाऱ्या बाईने दीड हजार उधळले. त्या बाईला विचारलंस तर ती सांगेल, स्वस्त तेल फसफसत होतं, दोनदा कढई ओतून द्यावी लागली. अनुकूल आकडा कोणाच्या अंगावर प्रतिकूल होऊन पडला, हे शोधायला भटारखान्यात जावं लागतं. मी कारखान्यात रोज अर्धा तास शॉप फ्लोअरवर फिरायचो. एसीतले सहकारी हसायचे.

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. सीए नको, सीएमए करते म्हणते. हे काय असतं? आणि शेजारच्या मुलाची दहा-बारा वर्षांपूर्वीची पुस्तकं चालतील का?
(एक वडील, कोपरखैरणे)

उत्तर : तुमच्या ओळखीचं नाव आयसीडब्ल्यूए. तेच हे, कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट, म्हणजे मालाचा खर्च काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या हिशेबनिसाचा अभ्यासक्रम. तो चालवणारी, १९५९ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे, मुख्यालय कोलकात्याला, २०१२ मध्ये नाव बदललं. फाउंडेशन, इंटरमीजिएट, फायनल अशा तीन पायऱ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ प्रमाणे सरकार ठरावीक उद्योगांना खर्चाच्या नोंदी ठेवायला आणि त्यांचं ऑडिट करून घ्यायला लावतं, आणि ते ऑडिट कॉस्ट अकाउंटंटच करतो. सीएपेक्षा नाव कमी झालं असेल, अभ्यास सोपा आहे असं मात्र समजू नका. तिला कारखाना कसा चालतो याचं कुतूहल असेल तर करू द्या. ते आहे का, हे बघायला एका रविवारी ओळखीच्या कुणाच्या वर्कशॉपमध्ये तिला नेऊन आणा, ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहता, कोणीतरी सापडेलच.

पुस्तकांचं म्हणाल तर कॉस्टिंगचं जरूर घ्या, सरावाची गणितं जुनी झाली तरी बिघडत नाहीत. अभ्यासक्रम तेवढा संस्थेच्या यादीशी ताडून बघा. करांची आणि कायद्याची घेऊ नका. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, त्या पुस्तकांत अजून अबकारी आणि व्हॅटच असेल.