उधारी, वही आणि कोर्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सीतलामाता बाजारात आमचं साड्यांचं ठोक दुकान आहे. उज्जैनच्या एका दुकानदाराकडे २२ बिलांचे ४,८०,००० रुपये अडकलेत. रोजकीर्द-खतावणी कॉम्प्युटरवर चोख आहे. तेवढ्यावर दावा होईल का? आणि दाव्याची मुदत दर दिवाळीला नव्याने सुरू होते, हे खरं का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दावा होईल, पण नुसत्या वहीवर जिंकता येणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २८ (१८७२च्या कायद्यातलं कलम ३४) सांगतं की धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी पुराव्यात चालतात, मात्र तेवढ्यावरून कोणाच्या माथी देणं मारता येत नाही. आपल्या वहीत दुसऱ्याच्या नावे काय वाटेल ते लिहिता येतं, म्हणून हे बंधन. सुट्या कागदांना तर वहीचाही मान नाही. जैन हवाला प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९८ साली तेच ठरवलं. तेव्हा बिलागणिक समोरच्याच्या हातचं काहीतरी शोधा : माल पोचल्याची सही, ट्रान्सपोर्टची बिल्टी, त्याने दिलेला चेक, ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ असा व्हॉट्सअॅपचा निरोप.

कॉम्प्युटरवरचा खातेउतारा द्यायचा तर याच अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा ‘अ’ भाग तुम्ही भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. ‘ब’ राहून गेला की समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

दिवाळीचं म्हणाल, तर या समजुतीने बऱ्याच उधाऱ्या बुडाल्या आहेत. वर्षअखेरीपासून मुदत मोजायची सवलत फक्त परस्पर खात्याला आहे, म्हणजे दोघांचंही एकमेकांवर देणं-घेणं असेल तर. तुम्ही माल दिला आणि त्याने पैसे दिले, हे परस्पर खातं नव्हे. इथे प्रत्येक बिलाची ३ वर्षं वेगळी धावतात : उधारीचे दिवस ठरले असतील तर ते संपल्यापासून, नसतील तर माल दिल्यापासून. मुदत संपायच्या आत ‘बाकी मान्य’ असं लिहून सही मिळाली, तर त्या तारखेपासून नवी ३ वर्षं. मुदत उलटल्यावर तीच सही उपयोगाची नाही. तेव्हा ‘ही रक्कम देईन’ असं स्पष्ट लेखी वचनच लागतं. आज जुन्यात जुनं बिल काढून तारीख पाहा, बाकी सगळं नंतर.

रक्कम ३ लाखांच्या वर, म्हणून दावा वाणिज्य न्यायालयात जाईल. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करा, शुल्क १,००० रुपये. मनाईहुकुमासारखा तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर ही पायरी गाळता येत नाही. गाळली की वादपत्रच फेटाळलं जातं. समोरचा आलाच नाही, तर तसा अहवाल मिळतो, तो दाव्याला जोडायचा. मध्यस्थीत गेलेले दिवस मुदतीत धरत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे उद्यम (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी आहे. ४५ दिवसांत पैसे, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज मिळेल ना?
– एक व्यापारी, सियागंज

उत्तर : नाही. २०२१मध्ये ठोक-किरकोळ व्यापाऱ्यांना नोंदणी खुली झाली ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. ते व्याज माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना.

प्रश्न : पणजोबांच्या सराफ्यातल्या पेढीच्या जुन्या हुंड्या (पैसे द्यायच्या लेखी चिठ्ठ्या) सापडल्या. एकीवर ‘शाहजोग’, दुसरीवर ‘पेठ’ लिहिलंय. ‘निमे’ म्हणजे काय?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : इथली पेठ म्हणजे बाजार नव्हे. मूळ हुंडी गहाळ झाली की दुसरी प्रत निघे, ती पेठ. तीही हरवली तर परपेठ. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच, म्हणजे सावकारालाच, द्यायचे. हुंडी बनावट निघाली तर त्या शहाने रक्कम व्याजासकट परत करायची, त्यामुळे हातात घेण्याआधी तो चौकशी करीच. ‘निमे’ हा खाडाखोडीवरचा उपाय : रुपये १००, निमे ५०चे दुप्पट. एक आकडा बदलला तरी दुसरा चुगली करणार. अशा हुंड्यांचा व्यवहार बाजाराच्या रिवाजाने चाले. १८८१च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याने, हुंडीतच उलट लिहिलं नसेल तर, देशी भाषांतल्या हुंड्यांचा स्थानिक रिवाज तसाच ठेवला. तंटा कोर्टात गेला की तो रिवाज सिद्ध करावा लागे.

तुमच्याकडच्या हुंड्या पैसे चुकते केलेल्या असतील, तर त्या ‘खोका’. त्यावर आता काही वसूल व्हायचं नाही. कोरड्या जागी सपाट ठेवा, घड्यांवर सेलोटेप मात्र लावू नका.