पहिली आरसी गाडी: नायट्रो घ्यावी की इलेक्ट्रिक?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: पहिलीच आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी असेल तर नायट्रो (मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर, छोट्या इंजिनाने चालणारी) घ्यावी की इलेक्ट्रिक (बॅटरीवर चालणारी), पुढे खर्च कोणत्या गाडीला कमी येतो, आणि ‘इलेक्ट्रिक म्हणजे खेळणे, खरे शिक्षण नायट्रोवरच होते’ या म्हणण्यात कितपत तथ्य आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देतो: इलेक्ट्रिक. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत, माझा जीव नायट्रोवर आहे, आणि तरीही मी हेच सांगतो. तिसऱ्या प्रश्नावर मात्र सविस्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही, कारण त्याच एका वाक्यापायी माझ्या धाकट्या बहिणीचा हा छंद सुरू होण्याआधीच सुटणार होता.

तिला गाडी घ्यायची होती तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ मित्रांनी आग्रहाने तिला 1:10 चा, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराचा, नायट्रो ट्रक घ्यायला लावला. त्यांचा हात इंजिनावर खरोखर बसलेला आहे, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. नवे इंजिन त्यांनी स्वतः मिश्रण रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) ठेवून, तापवून आणि पुन्हा गार होऊ देऊन, नियमाप्रमाणे ब्रेक-इन केले, म्हणजे रुळवले, आणि एका रणरणत्या दुपारी दोन्ही नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारे स्क्रू) अशा जुळवून दिल्या की ट्रक धुराची बारीक रेघ मागे सोडत सुसाट पळू लागला. ‘आता काही बघायला नको,’ असे सांगून त्यांनी रिमोट तिच्या हाती दिला.

पुढच्या वेळी ती ट्रक घेऊन मैदानावर गेली ती थंडीतल्या सकाळी. गार हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू अधिक असतो, त्यामुळे दुपारी नेमके जुळलेले मिश्रण सकाळी लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी असलेले, पडले. पण हे तिला कोण सांगणार? ट्रक नेहमीपेक्षा जोरात पळाला, धूर दिसेनासा झाला, थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन चढ्या आवाजात किंचाळत राहिले आणि मग एकाएकी बंद पडले. मी पोहोचलो तेव्हा इंजिनाच्या हेडवर, म्हणजे माथ्यावर, पाण्याचा थेंब टाकून पाहिला, तर तो टेकताक्षणीच चर्र करून उडून गेला. तोवर तिने एक्झॉस्टवर बोट धरून इंजिन सुरू करायची दोरी पुन्हा पुन्हा ओढली होती, त्यामुळे सिलिंडरमध्ये इंधन भरून दोरी पार अडकली होती. मी ग्लो प्लग (तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारा प्लग) काढला, ट्रक उलटा धरला आणि दोरी ओढली, तेव्हा प्लगच्या भोकातून इंधनाची चिळकांडी उडाली. प्लगमधली केसासारखी बारीक तार तर पिळवटून तुटलेलीच होती. इतकी सगळी खटपट आटोपेपर्यंत तिचा सुट्टीचा दिवस संपला होता. ती एवढेच म्हणाली, ‘दादा, मी गाडी चालवायला आले होते, आणि गाडी चालवणे सोडून बाकी सगळे केले.’

हे वाक्य मी त्या मित्रांना जसेच्या तसे सांगितले. त्यांचे उत्तर असे की इंजिन बंद पडल्यावरच माणूस इंजिन शिकतो. मला हे तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. गाडी चालवणे आणि इंजिन जुळवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि त्यांचा क्रम उलटा लावला तर दोन्ही हाती लागत नाहीत. हाय-स्पीड नीडल (पूर्ण वेगातले इंधन ठरवणारी) एका जागी उभ्या असलेल्या गाडीवर जुळवता येत नाही. गाडी सरळ पट्ट्यात पूर्ण थ्रॉटलवर पळवावी लागते, आवाज कुठे अडखळतो, धूर किती आहे आणि वळणातून बाहेर पडताना ती दम खाते का, हे पाहून मग नीडल एका फेऱ्याच्या आठव्या भागाइतकी, कधी त्याहूनही कमी, फिरवायची असते. ज्याला गाडी अजून सरळ रेषेत पळवता येत नाही, ज्याचे सगळे लक्ष कठड्यावर न आपटण्याकडे आहे, तो इंजिनाचा आवाज ऐकणार तरी केव्हा?

बहिणीला मी माझी जुनी इलेक्ट्रिक बगी दिली: साधी 540 आकाराची ब्रश्ड (आत ब्रश असलेली) मोटर आणि 2 सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी), म्हणजे 7.4 व्होल्ट. दोन बाटल्या अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचा, एवढाच अभ्यास तिला दिला. गाडी आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की स्टिअरिंगचे डावे-उजवे उलटे होते, आणि नवशिक्याची निम्मी मोडतोड त्या एका क्षणी होते. हा उलटा हिशेब बोटांत मुरायला सलग चालवणे हाच उपाय आहे, आणि ते सलग चालवणे इलेक्ट्रिक गाडीतच मिळते. बॅटरी जोडली की गाडी निघते, आणि कठड्यात अडकली तर रिव्हर्स घेऊन सुटते, जी सोय बहुतेक नायट्रो गाड्यांना नसते. हात बसल्यावर ती स्वतःहून त्याच नायट्रो ट्रककडे वळली आणि आज ती नीडल माझ्याहून चांगली जुळवते, कारण गाडीने कसा प्रतिसाद द्यायला हवा हे तिला आधीपासून ठाऊक होते.

इलेक्ट्रिकमध्ये शिकण्यासारखे काही नाही, हेही मला मान्य नाही. पिनियनचे (मोटरवरच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात वाढवले की वेग वाढतो आणि मोटर तापते. डिफरन्शियलमधले (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमधले) तेल दाट केले की वळणातली पकड बदलते. स्प्रिंग, टायर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हे सगळे दोन्हीकडे सारखेच आहे. 1:8 ऑफ-रोड बगीच्या जागतिक स्पर्धा आजही नायट्रोवर होतात, हे खरे. पण तिथे उतरणारे चालक नवशिके नसतात, त्यामुळे तो दाखला तुमच्या बाबतीत लागू पडत नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रिकमध्ये चांगली बॅटरी आणि बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) यांचा भार सुरुवातीलाच पडतो, नायट्रोमध्ये इंधन, प्लग आणि आफ्टर-रन ऑइल (चालवून झाल्यावर इंजिनात घालायचे तेल) यांचा भार कायम राहतो. तुटलेले ए-आर्म (चाक धरणारे सस्पेन्शनचे हात) आणि सर्व्हो (स्टिअरिंग किंवा थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर) यांचा खर्च दोन्हीकडे तुमच्या हातावर अवलंबून आहे.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. लायपोला हलके समजू नका: 5000 एमएएचची बॅटरी 5 अँपिअरने चार्ज करा, चार्जिंग चालू असताना तिथून हलू नका, सेल 3 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, गाडी काही दिवस वापरायची नसेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. पहिल्याच गाडीत ब्रशलेस (ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) मोटर आणि 3 सेलची बॅटरी घालण्याचा मोहही टाळा.

एक अपवाद मी मानतो. प्रत्येक वेळी मैदानावर तुमच्या शेजारी उभा राहणारा जाणकार माणूस असेल, नुसता पहिल्या दिवशी गाडी जुळवून देऊन जाणारा नव्हे, तर पहिली गाडी नायट्रो घ्यायला हरकत नाही. मात्र इंधनातले मिथेनॉल विषारी असते, त्वचेतूनही शरीरात जाते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून ते मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि बंद खोलीत इंजिन चालू करू नका. रिसीव्हरचा फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटल्यावर गाडी थांबवणारी सोय) तर इंजिन सुरू करण्यापूर्वीच तपासा: चाके जमिनीवरून उचलून धरा, थोडा थ्रॉटल द्या आणि ट्रान्समीटर बंद करा, सर्व्होने त्याच क्षणी थ्रॉटल मिटवून ब्रेक लावला नाही, तर त्या दिवशी गाडी सोडू नका.