लेकीला आक्रातल्या शाळेत घालताना

प्रश्न : माझे मिस्टर वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात खरेदीचं काम बघतात. कच्चा काजू घ्यायला त्यांना तीन वर्षांसाठी घानात, आक्रा शहरात पाठवताहेत. मुलगी सात वर्षांची, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दुसरीत आहे. तिकडच्या घराजवळ मुलामुलींची खासगी प्राथमिक शाळा आहे, सगळी मुलं तिथलीच. भारतीय अभ्यासक्रमाची शाळा तेमाला, लांब आणि महाग. मुलीला इंग्रजी धड येत नाही. सासूबाई म्हणतात, तिला इथेच ठेवा. परत आल्यावर तिचं कसं होईल या विचाराने झोप लागत नाही. काय करू?
— एक आई, वेंगुर्ले

उत्तर : तिला बरोबर न्या आणि घराजवळच्या शाळेत घाला. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण सात वर्षांच्या मुलीने तीन वर्षं आईबापांशिवाय काढायची, हे मला पटत नाही.

मी १९९६ ते २००१ आक्रात होते. ह्यांची नोकरी तेमा बंदरात. मी एका खासगी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवायचे. मुलगा जाताना सहा वर्षांचा होता. तेमा-आक्रा अंतर तीसेक किलोमीटर, पण सकाळी रस्ता तुंबतो आणि शाळा साडेसातच्या आसपास भरते. पहिल्या तासाला डुलक्या घेणारी लेकरं माझ्या वर्गात होती, सगळी लांबून येणारी. शिवाय फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम. मिस्टर देशाच्या आतल्या भागात, काजूच्या पट्ट्यात असतील आणि ताप आला, पोट दुखलं तर धावपळ तुम्हालाच करायची आहे. शाळा चालत जाण्याजोगी हवी.

तिथे प्राथमिकची सहा वर्षं, आणि वयाच्या सहाव्या वर्षी मूल पहिलीत. म्हणजे तुमची लेक दुसरीतच बसेल. वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं, तीन सत्रांचं. सरकारी शाळांत पहिली तीन वर्षं स्थानिक भाषेतून शिकवावं असं धोरण आहे, पण खासगी शाळा बहुतेक पहिल्यापासून इंग्रजीच वापरतात. माझा मुलगा जवळजवळ तीन महिने वर्गात एक शब्द बोलला नाही. मी घाबरले, त्याला रागे भरले, ते चुकलं. वर्गातल्या पोरांनी त्याला कुठल्या वारी जन्मलास म्हणून विचारलं. बुधवार कळल्यावर तो सगळ्यांचा ‘क्वाकू’ झाला, कारण बुधवारी जन्मलेल्या मुलाला तिथे क्वाकूच म्हणतात. त्या नावाने हाक ऐकून तो पहिल्यांदा मैदानात धावला, आणि भाषा त्याच्या मागून आली. तुमची मुलगी गप्प राहिली तर राहू द्या.

मुलगे-मुली एकत्र आहेत त्याचं काही मनावर घेऊ नका. आपली जिल्हा परिषदेची शाळाही तशीच आहे. डाव्या हाताने वही देणं तिथेही उद्धटपणाचं, तेवढं तिला माहीतच असेल. जेवणाचं म्हणाल तर भात, चवळी, मासे, केळी. कोंतोमिरे नावाची भाजी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला आईच्या अळवाच्या फदफद्याची आठवण झाली. पानं खरंच अळूच्याच कुळातली.

शाळा पक्की करण्याआधी मात्र स्वतः जा. राष्ट्रीय शाळा तपासणी प्राधिकरणाचा परवाना आहे का, ते विचारा. २०२० च्या कायद्याने खासगी शाळांना तो लागतो. वर्गात दहा मिनिटं मागे बसू द्या म्हणावं. छडीला तिथल्या शिक्षण खात्याची बंदी आहे, तरी फळ्याशेजारी काय उभं केलंय ते बघाच. वर्गशिक्षिका किती वर्षं तिथे आहेत, हे नक्की विचारा. मुलाच्या पहिल्या शाळेत वर्षाची फी आम्ही आगाऊ भरली आणि एका वर्षात त्याच्या तीन बाई बदलल्या. पगार परवडत नाहीत म्हणून शिक्षिका सोडून जायच्या, त्यांचा दोष नव्हता. पण प्रत्येक नव्या बाईंपुढे मुलगा पुन्हा मुका. पैसे परत मिळाले नाहीत. तुम्ही सत्रागणिक भरा आणि जेवण, गणवेश, बस त्या फीत धरलंय का ते लिहून घ्या.

यलो फीव्हरची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच. तो दाखला तिथे उतरताना लागतो, आणि भारतात परततानाही. मच्छरदाणी बांधा, मलेरियाचं डॉक्टरांशी आधीच बोला.

आता परतीचं. वयानुरूप वर्गात प्रवेश हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मिळालेला हक्क आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी शाळा अडवू शकत नाही. गणित-विज्ञानात ती मागे पडणार नाही. राहील ती मराठी, आणि २०२० पासून महाराष्ट्रात सगळ्याच शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे.

याबाबतीत मी कमी पडले. मुलगा घरी आमच्याशी मालवणीत छान बोलायचा, म्हणून मी निर्धास्त होते. चौथ्या वर्षी मालवणहून माझ्या सासूबाईंचं पत्र आलं, निळ्या एअरोग्रामवर, मुद्दाम मोठ्या अक्षरांत, खास त्याच्यासाठी. ‘आंबे पिकले, तू कधी येतलस?’ त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं : ‘आई, तू वाच.’ म्हाताऱ्या बाईने दिवसभर बसून लिहिलेलं पत्र होतं ते. त्या रात्री मी नीट जेवले नाही.

म्हणून बॅगेत बालभारतीची दुसरी, तिसरी, चौथीची पुस्तकं टाका. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकटही मिळतात. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, एक पान मोठ्याने वाचन आणि चार ओळी लेखन. शनिवारी त्या चार ओळी आजीला पाठवायच्या, आणि आजीनेही हाताने लिहिलेलं उत्तर फोटो काढून पाठवायचं. तुमच्या सासूबाईंना हे काम आत्ताच सांगून ठेवा.

आणि निघण्याआधी पत्रिकेत लेकीचा जन्मवार बघून घ्या. पहिल्याच दिवशी तिला तो विचारतील.