रिमोट एकाच्या हातात, आवाज सगळ्यांच्या कानात

"मॅडम, तुम्ही फक्त एक आकडा सांगा. किती डेसिबलपर्यंत चालतं? आम्ही दोघंही तो मान्य करू आणि विषय संपवू."

समुपदेशनासाठी आलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याने पहिल्याच भेटीत हे विचारलं, आणि शेजारी बसलेल्या बायकोनेही मान डोलावली. त्या तासात दोघांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट.

होम थिएटरवरून होणारी भांडणं माझ्याकडे त्या नावाने येत नाहीत. "संध्याकाळी घरी एकत्र बसणंच होत नाही", "तो माझं ऐकत नाही", "हिला माझी कुठलीच आवड खपत नाही" अशी येतात, आणि थोडं खोदलं की मधे रिमोट सापडतो. हा प्रश्न इतक्या घरांत आहे की या जोडप्याचा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवऱ्याने सिस्टीम हौसेने, अभ्यास करून उभी केली होती. पाच स्पीकर, एक सबवूफर (फक्त बास, म्हणजे खर्जातले आवाज देणारा स्पीकर), आणि रिसीव्हरसोबत (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रासोबत) आलेला माइक सोफ्यावर ठेवून केलेलं रीतसर कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक स्पीकरची पातळी मोजून जुळवणं. असं कॅलिब्रेशन झालेल्या रिसीव्हरवर आवाजाचा आकडा शून्य म्हणजे रेफरन्स लेव्हल. चित्रपटगृहासाठी ध्वनिमिश्रण होतं ती ही पातळी. ठरावीक चाचणी-आवाज लावला तर प्रत्येक स्पीकरमधून बसल्या जागी ८५ डेसिबल, आणि त्याच्या वर २० डेसिबलची मोकळीक. म्हणजे स्फोटाच्या क्षणी एकेका स्पीकरमधून १०५ पर्यंत, आणि फक्त बाससाठी असलेल्या चॅनलमधून ११५ पर्यंत. तो उणे ८ वर सिनेमे बघायचा. "दिग्दर्शकाने जसा ऐकवायचा ठरवला, त्याहून मी आठ डेसिबल कमीच ठेवतो," हे त्याचं म्हणणं. आपण घरच्यांसाठी तडजोड करतोय, असंच त्याला मनापासून वाटत होतं.

आकडे त्याचे बरोबर होते. पण ती पातळी मोठ्या सभागृहासाठी ठरलेली आहे. घरच्या खोलीत भिंती जवळ असतात, आवाज आपटून लगेच कानावर परततो, आणि तीच पातळी जास्त मोठी वाटते. छोट्या खोलीत काम करणारे ध्वनिमिश्रकही म्हणूनच आपली पातळी ८५ च्या कित्येक डेसिबल खाली ठेवतात.

बायको सोफ्यावर बसायचीच नाही. ती झोपायच्या खोलीत, दार लावून. "मला सिनेमा ऐकू येत नाही," ती म्हणाली. "संवाद नाही, संगीत नाही. नुसतं धप्, धप्. आणि पुढचा धप् कधी येणार ते कळत नाही." तिने हे त्याला सांगितलं होतं. तेव्हा तो फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन झोपायच्या खोलीत गेला आणि तिला स्क्रीन दाखवली: ३८. "अगं, ग्रंथालयात एवढा आवाज असतो!" त्यानंतर तिने विषय काढणं सोडलं. आकडा समोर ठेवल्यावर माणूस काय बोलणार? आपलेच कान खोटे ठरतात. मुलगा त्याच्या खोलीत हेडफोन लावून बसायचा, म्हणजे आवाज टाळायला त्याहून जवळचा आवाज.

या ३८ बद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण असा आकडा दाखवून कितीतरी घरांत समोरच्याला गप्प केलं जातं. अशी अ‍ॅप बहुधा 'ए-वेटिंग'मध्ये मोजतात. खर्जातले आवाज आपल्या कानाला कमी ऐकू येतात, म्हणून या पद्धतीत ते हिशेबातून वजा होतात, ४० हर्ट्झच्या आसपास तर सुमारे ३५ डेसिबल. त्यात फोनचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो, खोल बास त्याला नीट पकडताही येत नाही. आणि भिंतीचं वागणं नेमकं उलटं: वरच्या पट्टीतले आवाज ती चांगले अडवते, खर्ज मात्र आरपार जातो. थोडक्यात, भिंतीपलीकडे पोचलेली एकच गोष्ट अ‍ॅपच्या आकड्यात जवळजवळ धरलीच जात नव्हती. बायकोला होणारा त्रास खरा होता.

शिवाय ३८ हा आकडा जसाच्या तसा धरला, तरी तो झोपेसाठी चांगला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शनात, झोप मोडू नये म्हणून झोपायच्या खोलीत सरासरी ३० डेसिबल आणि एखाददुसऱ्या मोठ्या आवाजाला ४५ अशा मर्यादा सुचवल्या आहेत. सोफ्यावर ऐंशी-पंच्याऐंशी आणि भिंतीपलीकडे तीस! मधली पन्नास डेसिबल घरातली साधी भिंत आणि लाकडी दार अडवणार कसे? बासच्या बाबतीत तर नाहीच.

मी त्यांना एक आकडा दिला नाही. एका संध्याकाळपुरती जागांची अदलाबदल करायला सांगितली. त्याचा आवडता, दणदणीत सिनेमा त्याच्याच पातळीवर लावायचा. ती सोफ्यावर, रिमोट तिच्या हातात. तो झोपायच्या खोलीत, दार बंद, हातात पुस्तक. अर्धा तास.

पुढच्या भेटीत तो काय सांगतो याची मला उत्सुकता होती. तो म्हणाला, पहिली काही मिनिटं तो कपाटाच्या काचेशी उभा होता. काच किणकिणत होती. त्याने बोट लावून बघितलं, मग दोन्ही काचांच्या फटीत कागदाची घडी खुपसली. किणकिण थांबली आणि मागचा धप् जास्तच स्पष्ट झाला. मग तो पुस्तक घेऊन बसला. एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत होता. "आवाज फार नव्हता," तो म्हणाला, "पण शांतता झाली की मी वाचायचं सोडून पुढच्याची वाट बघत होतो."

ती ताडकन म्हणाली, "तेच तर मी वर्षभर सांगतेय!"

हे वाट बघणं फार महत्त्वाचं आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलेले प्रयोग मी अशा वेळी आवर्जून सांगते. त्यांनी लोकांना मोठा, कधीही येणारा आवाज ऐकवला आणि नंतर कोडी सोडवायला, मजकुरातल्या चुका शोधायला दिल्या. काही जणांना एक बटण दिलं होतं: हे दाबलं की आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. ज्यांच्याकडे बटण होतं ते नंतरच्या कामात जास्त वेळ टिकले, चुकाही त्यांनी जास्त पकडल्या. बटण दाबलं नाही तरी. आवाज तोच, पण तो थांबवणं आपल्या हातात आहे एवढ्यानेच फरक पडला.

आता घरात बघा. सोफ्यावरच्या माणसाला स्फोट कधी होणार ते पडद्यावर दिसतं, आणि रिमोट त्याच्या हातात असतो. भिंतीपलीकडच्याकडे यातलं काहीच नसतं. म्हणून सोफ्यावर बसून "एवढा काही मोठा नाहीये" असं जे म्हटलं जातं, ते खोटं नसतं, पण ते फक्त त्या जागेपुरतं खरं असतं. आवाज किती ठेवायचा हे ज्याच्या हातात रिमोट नाही त्याच्या खोलीत जाऊन ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोफ्यावर तिचं काय झालं? तिने रिमोट खाली ठेवलाच नाही. संवाद आले की वाढव, मारामारी आली की कमी कर. "संवाद कळतच नाहीत," ती म्हणाली. त्यावर तो पटकन बोलून गेला, "मग मी तरी का वाढवतो?" तोवर ही गोष्ट एकदाही बोलली गेली नव्हती. दणका हवा म्हणून तो आवाज वाढवतो असं ती धरून चालली होती. निम्म्या वेळा तो शब्द कळावेत म्हणून वाढवत होता.

मी त्याला कानांची तपासणी करून घ्यायला सांगितलं. तो नाराज झाला, पण गेला. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे तपासणीच्या आलेखात, दोन्ही कानांना ४,००० हर्ट्झच्या आसपास सौम्य घट दिसली. आवाजाने झालेलं नुकसान बहुधा याच भागात आधी दिसतं. हे होम थिएटरने झालं असं कुणीही म्हणू शकणार नाही. त्याच्या मागे वर्षानुवर्षं हेडफोनही होते. पण घरात काय चाललं होतं ते यातून उलगडलं. स, श, च, फ यांची धार वरच्या कंपनसंख्येत असते, ती बोथट झाली की बोलणं 'ऐकू येतं पण कळत नाही'. आणि आतल्या कानाच्या अशा घटीत हळू आवाज हरवले तरी मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे लागतात. म्हणजे वाढवल्याने शब्द थोडे सुधारतात, स्फोट मात्र असह्य होतात. पुढचं त्यांच्या ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने बघितलं, तो माझा प्रांत नाही.

आकडा हवाच असेल तर कानांसाठी तो वेळेसकट येतो. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणारी अमेरिकेतली नायॉश ही संस्था कामाच्या जागी ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा मानते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. हौसेच्या ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब जास्त जपून आहे: मोठ्यांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, मुलांना ७५. सिनेमाची सरासरी त्याच्या टोकाच्या आवाजांपेक्षा बरीच खाली असते, त्यामुळे आठवड्यातून एखादा सिनेमा जोरात बघितल्याने कान जातील असं मी कुणाला घाबरवत नाही. पण हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, किंवा सिनेमा संपल्यावर कानात शीळ वाजत असेल, कानांना दडे बसल्यासारखे वाटत असतील, तर तो आवाज जास्तच आहे. त्यावर वाद नको.

एक गोष्ट मी बायकोलाही समजावली. "कमी आवाजात मजा येत नाही" हा त्याचा हट्ट नव्हता. आवाज कमी केला की कान खर्ज सगळ्यात आधी सोडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. सिनेमा पोकळ वाटतो तो खरोखरच. आणि त्याने एका भेटीत सांगितलं की, आवाज अंगावर आला की दिवसभराचं डोक्यातलं चक्र थांबतं. बाकी कशाने थांबत नाही. ती हे पहिल्यांदाच ऐकत होती. त्याला काय थांबवायचं असतं यावर आम्ही नंतर बऱ्याच भेटी घालवल्या. त्या इथे सांगत नाही.

सिस्टीममध्ये त्यांनी काय बदललं? मधला स्पीकर, ज्यातून बहुतेक संवाद येतात, तो ३ डेसिबल वर. एकूण आवाज उणे ८ वरून उणे १८ वर. दहा डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा. रात्री नाइट मोड, म्हणजे मोठे आवाज दबतात आणि हळू आवाज वर येतात. पोकळपणा भरून काढणारी डायनॅमिक ईक्यूसारखी सोय त्याला फार आवडली, पण ती बास वाढवते, आणि भिंतीतून जाणारा तोच. म्हणून ती फक्त दिवसा. सबवूफर दोन खोल्यांमधल्या भिंतीला लागून कोपऱ्यात होता. कोपऱ्यात बास फुगतो, म्हणून तो तिथून हलवला आणि त्याची पातळीही उतरवली. खाली मऊ पॅड घातलं. पॅडमुळे जमिनीतून जाणारे हादरे कमी होतात. हवेतून जाणारा बास त्याने थांबत नाही, तेव्हा पॅड घालून पूर्वीचाच आवाज ठेवायला कुणी मोकळं होत नाही.

खरा फरक मात्र दोन साध्या ठरावांनी पडला. सिनेमा सुरू करण्याआधी तो कधी संपणार ते सांगायचं. आणि तिने फोनवर 'खाली' एवढाच निरोप पाठवला की त्याने पाच डेसिबल उतरवायचे. "का?" विचारायचं नाही, अ‍ॅप काढायचं नाही. त्याला भीती होती की निरोपांचा पाऊस पडेल. पहिल्या आठवड्यात थोडे आले, पुढे अगदी तुरळक. बटण तिच्या हातात आलं होतं.

आठवड्यातली एक दुपार पूर्ण आवाजाची, त्याची. त्या वेळी घरातले बाकीचे बाहेर जातात किंवा आपल्या मर्जीने सोबत बसतात. मुलगा हल्ली बसतो. बायको बसत नाही, आणि बसायला हवं असं तिला कुणी म्हणतही नाही.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बास किती जाणवतो, हे विचारणं अजून बाकी आहे. ते काम त्याने स्वतःकडे घेतलंय. जाताना फोनवरचं अ‍ॅप न्यायचं नाही, त्यांच्या खोलीत बसून ऐकायचं, असं त्याने आपणहून सांगितलं.