‘घासल्याने वीज निर्माण होते’ हे वाक्य बरोबर आहे का?

धुळ्याच्या एका शिक्षिका विचारतात की, थंडीत अंधारात पॉलिस्टरचे ब्लँकेट ओढले की चटचट आवाज होऊन बारीक ठिणग्या दिसतात, त्याविषयी मुलांना ‘घासल्याने वीज निर्माण होते’ असे सांगावे का, आणि तिला ‘स्थिर विद्युत’ म्हणावे की ‘स्थितिक विद्युत’?

‘निर्माण होते’ हे क्रियापद मला चुकीचे वाटते. दोन निराळे पदार्थ एकमेकांना टेकले की एकाच्या पृष्ठभागावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. गमावणारा धनप्रभारित होतो, मिळवणारा ऋणप्रभारित, आणि दोघांचा मिळून प्रभार पूर्वीइतकाच राहतो. घासण्यामुळे खडबडीत पृष्ठभाग पुन्हा पुन्हा नव्या ठिकाणी टेकतात, म्हणून देवघेव वाढते. चिकटपट्टी रिळावरून नुसती ओढून काढली तरी ती प्रभारित होते, त्यामुळे ‘घर्षणविद्युत’ हा शब्दही अर्धाच खरा आहे. (ज्या राळेच्या ग्रीक नावावरून ‘इलेक्ट्रिक’ हा शब्द आला, तिला संस्कृतात ‘तृणमणि’ म्हणतात: गवताची काडी ओढून घेणारा मणी. त्या नावात घासणे कुठेच नाही.)

माझ्या मते योग्य क्रियापद ‘साचणे’ हे आहे, कारण त्यात निचरा न होण्याचा अर्थ आपोआप येतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निघून जातो. पौष-माघातल्या खानदेशी कोरड्या हवेत ती वाट बंद असते. जिनिंगमध्येही कापूस फार कोरडा असला की रुई यंत्राला चिकटून बसते, म्हणून तिथे ओलावा द्यावा लागतो. साचलेला प्रभार शेवटी हवेतून उडी मारतो: एक मिलिमीटरच्या ठिणगीला साधारण 3000 व्होल्ट लागतात, पण प्रभार अगदी थोडा असल्याने बोटाला चटक्यापलीकडे काही होत नाही.

उरला नावाचा प्रश्न. ‘स्थिर’ म्हटले की कधीच न हलणारे असे वाटते, आणि ठिणगी तर हलतेच. ‘स्थितिक’ म्हणजे स्थितीशी संबंधित. ‘गतिकी’ला जोड म्हणून ‘स्थितिकी’ हा शब्द रुळलेलाच आहे, आणि शालेय पाठ्यपुस्तकातही ‘स्थितिक विद्युत’ हेच नाव आहे. संस्कृत व्याकरणाप्रमाणे ‘स्थैतिक’ हवे असा आक्षेप येतो, परंतु क्रमिक, क्षणिक, रसिक या शब्दांत पहिला स्वर तसाच राहतो आणि मराठी कानाला ते खटकत नाही. मी ‘स्थितिक’च लिहितो.