उष्ण झऱ्याजवळच्या गाळाचं वय काढताना

डिसेंबर 2024 मध्ये हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवरच्या उष्ण झऱ्याची छायाचित्रं भारतीय शास्त्रज्ञांना मिळाली. तेव्हापासून अशा गाळाचं वय विचारणारी पत्रं वाढलीत, गोंधळ तोच आहे.

दोन लाख वर्षं जुन्या गाळाला कार्बन-14 चालेल?
नाही. हा किरणोत्सारी कार्बन काळानुसार घटत जातो, त्याची मजल 50 हजार वर्षांपर्यंतच.

झऱ्याजवळच्या कोअरमधला (तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यातला) चिखल लॅबला दिला. वय 9,200 (±30) आलं, खालच्या थराचं मात्र 7,800. कोणतं धरू?
दोन्ही सोडा. ±30 ही फक्त मोजणीतली चूक. चिखलात काय मिसळलंय ते यंत्राला कळत नाही. हा आकडा दाखवून ‘अचूक वय’ विकणाऱ्यांचा मला खरोखर संताप येतो. झऱ्याच्या पाण्यातून कार्बन-14 संपलेला मृत कार्बन येतो. तो दहा टक्के मिसळला तरी वय साडेआठशे वर्षांनी फुगतं. कॅलिफोर्नियाच्या आखातातलं ग्वायमास खोरं बघा : जाड गाळात शिलारस घुसतो, सेंद्रिय द्रव्य भाजून तेल होतं आणि ते वरच्या कोवळ्या थरांत झिरपतं. असल्या चिखलाचं वय म्हणजे आजोबा-नातवाच्या वयाची सरासरी! म्हणून अख्खा चिखल देऊच नका. गाळ चाळा आणि समुद्राच्या पृष्ठभागाजवळ जगलेल्या फोरॅमिनिफेरांची (सूक्ष्म एकपेशी जीवांची) कवचं भिंगाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक वेचा. त्यांच्यात वरच्या पाण्यातला कार्बन असतो. कवच काचेसारखं स्वच्छ हवं. साखर चढल्यासारखं खडबडीत दिसलं तर त्यावर नंतर कॅल्साइट हे चुन्याचं खनिज बसलंय, ते बाजूला काढा. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, म्हणून वयातून काही वर्षं वजा करतात. ही सागरी दुरुस्ती सरासरी 400 वर्षांची, पण ती जागेनुसार बदलते. जाणकाराला विचारल्याशिवाय लावू नका.

थोरियम-230 कधी चुकत नाही, असं ऐकलंय.
ऐकीव गोष्ट. समुद्रात विरघळलेल्या युरेनियमपासून थोरियम बनतं, कणांना चिकटून तळाशी बसतं आणि सुमारे 75,600 वर्षांत निम्मं होतं. झऱ्याजवळ मात्र लोह-मँगनीजचे कण ते जास्तच ओढून आणतात, शिवाय गाळ युरेनियमही शोषतो आणि त्याचं थोरियम तिथेच तयार होतं. युरेनियम मोजून तिथे बनलेलं थोरियम वजा केल्याशिवाय वय काढू नका. हे गणित भूरसायनतज्ज्ञाकडून तपासून घ्या.

झऱ्याच्या तोंडाशी खनिजं साचून बनलेल्या चिमणीचा सल्फाइडचा (गंधक-धातूच्या खनिजाचा) तुकडा तीन वर्षं कपाटात आहे. आता दिला तर चालेल?
इतके दिवस कशाची वाट पाहिलीत? अशा कोवळ्या तुकड्याचं वय ज्यावरून काढतात ते रेडियम-228 दर पावणेसहा वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे तीसेक टक्के गेलंच. डबीवर तुकडा काढल्याची तारीख असेल तर हिशेब जमेल. ती शोधा आणि आजच लॅबशी बोला.